सरकत्या आधारांची प्रतिमाने आणि कोयनेची नोंद

भूकंपरोधक इमारतीच्या पायाशी सरकते आधार बसविण्याची कल्पना दिसावयास सोपी आहे. टेफ्लॉनचा थर गुळगुळीत पोलादावर टेकलेला असतो. जमिनीचा हिसका घर्षणाच्या मर्यादेपलीकडे गेला की आधार सरकतो आणि वरच्या मजल्यांत शिरणाऱ्या बलास तेथे आळा बसतो. पृष्ठभाग अंतर्वक्र असल्यास इमारत स्वतःच्याच भाराने मध्याकडे परतते. गणिताची अडचण मात्र निराळी. आधार क्षणात चिकटलेला, क्षणात सरकता. त्यामुळे समीकरणही पालटते. त्यातून दोन प्रतिमाने रूढ झाली: एक या अवस्था पृथक् मानणारे, दुसरे घर्षणबल अखंड वक्राने दर्शविणारे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. एस. जांगिड यांनी २००५ साली त्यांची तुलना केली. दोहोंची उत्तरे जवळजवळ सारखी येतात आणि पहिल्यास गणनेचे श्रम कमी पडतात, असे त्यांना आढळले.

या निष्कर्षाविषयी आमची तक्रार नाही. त्याचा आधार घेऊन प्रतिमान सिद्ध झाले असे समजणाऱ्यांविषयी आहे. दोन गणिते एकमेकांशी जुळली म्हणजे ती इमारतीशी जुळली असे होत नाही. आधारावरील भार स्थिर आहे हे दोहोंनी आरंभीच गृहीत धरले असेल, तर त्या बाबतीत ती एकाच मुखाने बोलणार.

हे गृहीत आपल्याच परिसरात टिकत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या भुयारात झालेल्या नोंदीत आडवे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पटीच्या आसपास होते; उभे त्वरणही सुमारे ०.३ पट होते. इमारत उभ्या दिशेने ताठ मानली, तर आधारावरील भार मूळच्या ०.७ ते १.३ पटींत हेलकावे घेईल. घर्षणांक ०.०५ धरल्यास घर्षणबल भाराच्या ०.०५ पट न राहता ०.०३५ ते ०.०६५ पट होईल. अंतर्वक्र आधाराचे परतविणारे बलही त्याच प्रमाणात बदलेल. शिवाय टेफ्लॉनचा घर्षणांक दाब वाढता घटतो, हे वेगळेच. आमचे विद्यार्थी मात्र बहुधा १९४० ची एल सेंट्रोची नोंद, तीही एकाच आडव्या दिशेची, घेऊन बसतात! कोयनेची नोंद धरणाच्या अंगातली असल्याने तीही मोकळ्या जमिनीची म्हणून निमूटपणे वापरता येणार नाही.

सांगलीकडे उतरल्यावर प्रश्नाचे रूप बदलते. कोयनेचा धक्का अल्प आवर्तनकालाचा होता. तशा धक्क्यात सरकते आधार खुलून दिसतात. कृष्णाकाठच्या मातीच्या जाड थरावर दीर्घ आवर्तनकालाची कंपने वाढण्याचा संभव असतो. १ मीटर वक्रता-त्रिज्येच्या आधाराचा आवर्तनकाल सुमारे २ सेकंद येतो, आणि १९८५ साली मेक्सिको शहराच्या सरोवरतळावर नेमक्या त्याच सुमाराच्या कंपनांनी इमारती पाडल्या. सांगलीची माती मेक्सिकोची नव्हे. पण ती कशी आहे हे मोजल्यावाचून साताऱ्याच्या खडकासाठी निवडलेली त्रिज्या तेथे योजणे आम्हांस धाडसाचे वाटते.