धर्मसिंधूचें प्रामाण्य आणि निर्णयपत्रांचें मोल

पंढरपूरचे काशीनाथ उपाध्ये यांनीं शके १७१२ (इ. स. १७९०) मध्यें सिद्ध केलेला धर्मसिंधु यवतमाळ जिल्ह्यांत पोथ्या पाहत हिंडतांना आमच्यापुढें पुष्कळदां आला आहे. यजमान तो अभिमानानें दाखवितात. त्याच रुमालांतील सुटीं निर्णयपत्रें मात्र किरकोळ म्हणून बाजूस सारतात. ही वर्गवारी चुकीची आहे, असें आमचें मत असून तें धर्मसिंधूच्याच परीक्षणानें स्पष्ट होईल.

मीमांसेंत ज्यांची गति नाहीं, त्यांच्यासाठीं मूळ वचनें गाळून केवळ सिद्धांत द्यावे, हा काशीनाथांचा हेतु. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु (इ. स. १६१२) वचन, विरोध आणि परिहार असा सर्व विचार मांडतो, धर्मसिंधु निकाल सांगून मोकळा होतो. दशमीविद्ध एकादशी धरावी कीं टाकावी, याचें उत्तर त्यांत तत्काळ मिळतें. म्हणूनच पंचांगकर्ते आजही त्याचा आधार घेतात. परंतु ज्याला मूळ वचन दिसत नाहीं, त्याला ग्रंथकाराशीं मतभेद करण्यास जागाच उरत नाहीं. ग्रंथाचा गुण आणि दोष असे एकाच मुळांतून निघाले आहेत.

यहुदी धर्मशास्त्रांतही हाच वाद झाला. योसेफ कारो यांनीं ‘बेत योसेफ’ या विस्तृत ग्रंथांत आधार व मतांतरें तपासलीं आणि मग ‘शुल्हान आरुख’ ही संक्षिप्त संहिता रचली. ती १५६५ सालीं व्हेनिस येथें छापली गेली. क्राकोच्या मोशे इस्सर्लिस यांनीं तिला आपल्या प्रांताचे आचार टिपांच्या रूपानें जोडले. प्रागच्या यहूदा लोव यांनीं तर, संहिता पाहून अचूक निकाल देण्यापेक्षां तालमुदाचा स्वतः विचार करून चुकणें बरें, असें प्रतिपादिलें. टिपांसह ती संहिता पुढें मान्य झाली. तथापि नव्या प्रश्नांना पंडितांनीं लेखी उत्तरें देण्याची परंपरा खंडित झाली नाहीं.

आमच्याकडे तर एकाच भट्ट घराण्यांत दोन्हीं प्रवृत्ति दिसतात. कमलाकरभट्टांनीं निबंध लिहिला. त्यांचे पुतणे गागाभट्ट यांनीं १६६४ सालीं राजापूर येथें शेणव्यांच्या अधिकाराविषयीं निर्णय दिला आणि १६७४ सालीं शिवाजी महाराजांचें मौंजीबंधन व राज्याभिषेक करविला. व्रात्यप्रायश्चित्ताचीं वचनें स्मृतींत पूर्वींपासून होतीं. तीं या पुरुषाला, या वेळीं लागू करणें हें काम मात्र ग्रंथाचें नव्हे, निर्णय देणाऱ्याचें.

यावर कोणी म्हणेल कीं निर्णयपत्र एका गांवचें, कदाचित् पक्षपाताचेंही. त्याला प्रमाण कसें मानावें? आक्षेप खरा आहे. धर्माच्या बाबतींत तें दुर्बल प्रमाण असेल. इतिहासाच्या बाबतींत तेंच सबळ होय. ग्रंथ काय व्हावें तें सांगतो. पत्र वाद कोणाचा होता, सभेंत कोण होते, शेवटीं काय ठरलें, हें सांगतें.

धर्मसिंधु छापलेला मिळतो. वाळवीनें खाल्लेलें निर्णयपत्र पुन्हां मिळत नाहीं. संग्राहकांस आमची इतकीच विनंति कीं, रुमाल बांधण्यापूर्वीं पोथ्यांच्या यादींत सुट्या पानांचीही नोंद करावी, आणि ती प्रथम करावी.