दोन स्टॅकांतून एक रांग : अध्यापनातील मांडणीची चिकित्सा

‘दोन स्टॅक वापरून रांग तयार करा’ हा डेटा स्ट्रक्चर या विषयातील एक परिचित प्रश्न होय. उत्तर तपासताना आपण बहुधा एवढेच पाहतो की, प्रथम आत गेलेला घटक प्रथम बाहेर येतो की नाही. ही कसोटी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

स्टॅकमधून घटक उलट क्रमाने निघतात. ते दुसऱ्या स्टॅकमध्ये ठेवून पुन्हा काढले, की क्रम दुसऱ्यांदा उलटतो व मूळ क्रम परत मिळतो. अनेक विद्यार्थी घटक काढताना प्रत्येक वेळी सर्व घटक दुसऱ्या स्टॅकमध्ये नेतात आणि उरलेले पुन्हा पहिल्यात आणतात. उत्तर बरोबर येते. परंतु १०० घटक आत घालून सर्व बाहेर काढण्यास स्टॅकवरील २०,२०० क्रिया लागतात. उलटपक्षी, दुसरा स्टॅक रिकामा झाल्यावरच स्थलांतर केले, तर प्रत्येक घटक दोनदा ठेवला व दोनदा काढला जातो. एकूण क्रिया केवळ ४००. दोन्ही उत्तरांना समान गुण देणे म्हणजे विषयाचा गाभाच वगळणे होय.

रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या सरासरी-खर्चाच्या विश्लेषणाचे हे उत्तम उदाहरण आहे. एखादी क्रिया महाग पडली, तरी तिचा खर्च आधीच्या स्वस्त क्रियांवर वाटला जातो. मात्र येथेच थांबणेही योग्य नव्हे. ख्रिस ओकासाकी यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात या हिशेबाची मर्यादा दाखवली आहे. रांगेची जुनी आवृत्ती जतन करून तिच्यातूनच पुनःपुन्हा घटक काढल्यास स्थलांतराचा पूर्ण खर्च दर वेळी नव्याने पडतो. एकदा साठवलेली बचत दोनदा खर्च करता येत नाही. यावर ते विलंबित मूल्यनिर्धारणाचा उपाय सुचवतात. तत्पूर्वी, १९८१ मध्येच, हूड व मेलव्हिल यांनी स्थलांतराचे काम थोडे थोडे विभागून प्रत्येक क्रियेचा खर्च मर्यादित ठेवला होता.

ओकासाकींच्या ग्रंथातील आज्ञावली प्रामुख्याने स्टँडर्ड एमएल भाषेत आहेत. सी भाषेवर वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना त्या दुर्बोध वाटतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, त्यातील युक्तिवाद भाषेवर अवलंबून नाही; तो फळ्यावर खडूनेही समजावता येतो.

तात्पर्य, या प्रश्नाच्या उत्तरात आज्ञावलीबरोबरच क्रियांचा हिशेब आणि तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे, हे लिहिणे अनिवार्य करावे. अन्यथा आपण विद्यार्थ्यांना रांग लावावयास शिकवू. ती किमतीत कितीला पडते, हे मात्र ते शिकणार नाहीत.