रेषेचा ऱ्हास आणि व्यवस्थापनाचा हिशेब

एखादी कला लयाला जाऊ लागली की तिच्या ऱ्हासाचे खापर बहुधा नव्या साधनावर फोडले जाते. अमेरिकेतील हस्तरेखित सचेतनपटाविषयीही हेच घडले आहे. संगणक आला आणि पेन्सिल निरुपयोगी ठरली, हा निष्कर्ष आता इतका रूढ झाला आहे की त्याची छाननी करण्याची गरज कोणास वाटत नाही. परंतु या कलेचे आद्यपीठ मानल्या गेलेल्या डिस्ने चित्रसंस्थेचा इतिहास पाहिला तर हा निष्कर्ष टिकत नाही.

प्रथम या कलेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात, आणि एक चित्र दोन चौकटी टिकविले तरी १२ चित्रे काढावी लागतात. पात्राच्या प्रमुख मुद्रा मुख्य चित्रकार रेखाटतो, त्यांच्यामधील चित्रे त्याचे साहाय्यक भरतात. येथील रेषा केवळ आकाराची सीमा दाखवीत नाही. ती अभिनय करते. पात्राचे वजन, त्याचा संकोच, बोलण्यापूर्वीचा त्याचा क्षणभराचा विराम, हे सारे तिनेच व्यक्त करावयाचे असते. ही विद्या ग्रंथांतून थोडी आणि गुरूशेजारी बसून फार मिळते. डिस्नेचे ज्येष्ठ चित्रकार फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये या कलेवर मोठा ग्रंथ लिहिला. तथापि त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे हाच त्यांचा खरा वारसा होय. भारतातही ही विद्या अशीच आली. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ च्या सुमारास मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले, त्यांनी तेथील तरुणांना शिकविले, आणि जातककथेवरील ‘द बन्यन डिअर’ हा लघुपट १९५७ मध्ये तयार झाला. राम मोहन हे त्याच शिष्यवर्गातले. गायकीच्या घराण्यात तालमीला जे स्थान, तेच येथे या सहवासाला आहे.

म्हणून पूर्वी सारे सुवर्णमय होते आणि पुढे भांडवलाने ते नासविले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ‘स्नो व्हाइट’ १९३७ मध्ये निघाला, आणि अवघ्या चार वर्षांनी, १९४१ मध्ये, त्याच संस्थेतील कलावंतांना संप करावा लागला. ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१९५९) फार खर्चिक ठरल्यावर ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ (१९६१) मध्ये पेन्सिलीची रेषा यंत्राने थेट पारदर्शक पटलावर उतरविण्यात आली. शाईने रेषा गिरविणारे अनेक हात त्यामुळे अनावश्यक झाले, ही त्यातील हानी. परंतु चित्रकाराची स्वतःची खडबडीत, जिवंत रेषा त्यामुळेच प्रथम पडद्यावर आली. काटकसरीतूनही शैली जन्मास येऊ शकते, मात्र ती काटकसर कलावंताच्या हाती सोपविली गेली पाहिजे.

१९८४ मध्ये मायकेल आयस्नर, फ्रँक वेल्स आणि जेफ्री कॅट्झेनबर्ग यांच्याकडे कारभार आला. चित्रकारांना लवकरच त्यांच्या मूळ वास्तूतून काढून ग्लेनडेल येथील साध्या इमारतींत बसविण्यात आले. तरीही याच कारभारात ‘द लिटल मर्मेड’ (१९८९), ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) आणि ‘द लायन किंग’ (१९९४) निर्माण झाले. संगणकाने रंगभरणी करण्याची पद्धतीही याच काळात रुळली, आणि तिने रेषेचे काहीही बिघडविले नाही. अनर्थ झाला तो यशामुळे. ‘द लायन किंग’ने मिळविलेले अमाप उत्पन्न हा अपवाद होता, व्यवस्थापनाने त्यालाच मोजपट्टी केले. यशस्वी साचा पुन्हापुन्हा वापरला गेला, आणि १९९४ पासून गाजलेल्या चित्रपटांचे स्वस्त उत्तरभाग थेट घरगुती व्हिडिओसाठी निघू लागले. ज्या नावावर विश्वास बसला होता, तेच नाव विकण्यास काढले गेले.

याचा कस २००२ मध्ये लागला. त्या एका वर्षी संस्थेचे दोन हस्तरेखित चित्रपट आले. ‘ट्रेझर प्लॅनेट’वर सुमारे १४ कोटी डॉलर खर्च झाला आणि तो कोसळला. मुख्यालयापासून दूर, फ्लोरिडातील छोट्या चित्रशाळेत, सुमारे ८ कोटींत तयार झालेला ‘लिलो अँड स्टिच’ मात्र लोकांनी उचलून धरला. त्याची पार्श्वचित्रे जलरंगांत होती. ही पद्धत संस्थेने कित्येक दशकांपूर्वी सोडली होती. त्या रंगांचा ओलावा आणि पात्रांच्या गोलसर, काहीशा बेडौल आकृती यांमुळे पोरक्या बहिणींचे दुःख गोड न होता सोसवेल असे झाले. येथे साधन आणि आशय यांत फट उरली नाही. व्यवस्थापनाने यातून कोणता बोध घ्यावा? जानेवारी २००४ मध्ये त्याने ती फ्लोरिडाची चित्रशाळाच बंद केली. त्याच वर्षी आलेला ‘होम ऑन द रेंज’ हा आपला शेवटचा हस्तरेखित चित्रपट असल्याचे संस्थेने ठरविले होते.

प्रेक्षकांची अभिरुचीच बदलली, असा यावर आक्षेप घेतला जाईल. ‘टॉय स्टोरी’ (१९९५) आणि ‘श्रेक’ (२००१) यांनी प्रेक्षक जिंकले हे खरेच आहे. परंतु २००१ मध्येच जपानमध्ये मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ आला. त्याने त्या देशातील उत्पन्नाचे सारे विक्रम मोडले आणि २००३ मध्ये ऑस्करही मिळविले. प्रेक्षक कंटाळले होते ते शिळ्या कथेला. व्यवस्थापनाने त्याचा अर्थ रेषेचा कंटाळा असा लावला.

पुढे पिक्सार विकत घेतल्यावर २००६ मध्ये धोरण बदलले आणि ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ (२००९) निघाला. परंतु ‘विनी द पू’ (२०११) हा चिमुकला, सुबक चित्रपट अमेरिकेत हॅरी पॉटरमालिकेच्या अखेरच्या भागासमोर एकाच दिवशी उभा करण्यात आला, आणि त्याचे अपयश रेषेच्या खात्यावर मांडले गेले. २०१३ मध्ये उरलेल्या जुन्या चित्रकारांपैकी काहींना निरोप मिळाला. २०२१ मध्ये मात्र त्याच संस्थेने नव्या उमेदवारांना हस्तरेखन शिकविण्याची योजना जाहीर केली.

ही योजना स्वागतार्ह आहे, आणि तीच मागील हिशेबातील चूक उघड करते. यंत्र मोडीत काढले तर पुन्हा विकत घेता येते. शिकविणारा हात आणि शिकणारा हात यांच्यामधील वर्षे विकत मिळत नाहीत. ज्या हिशेबात ही वर्षे केवळ खर्चाच्या बाजूला लिहिली जातात, तो हिशेब बिनचूक जुळला तरी त्यात कलेची मोजदाद झालेली नसते.