विशेषनामांची निरुक्ति : कांहीं आक्षेप

व्यक्तिनामांचे अर्थ सांगणारीं लहानमोठीं पुस्तकें आपल्याकडे पुष्कळ निघतात. त्यांची रीत बहुधा एकच असते : नांव घ्यावयाचें, संस्कृत कोशांत त्यासारखा शब्द हुडकावयाचा, आणि त्या शब्दाचा अर्थ तोच नांवाचा अर्थ म्हणून सांगावयाचा. पाळण्यापाशीं ही रीत चालून जाईल. परंतु ऐतिहासिक लेखांत तिचा आधार घेतला जाऊं लागला म्हणजे तिची परीक्षा करणें प्राप्त होतें. सर्व नामें धातुज होत हें शाकटायनाचें मत यास्कानें स्वीकारिलें खरें. पण सर्वच नामें तशीं नव्हेत असें म्हणणारा गार्ग्यहि त्याच निरुक्तांत भेटतो. आमचे नामार्थकार त्याला सोयीस्करपणें विसरतात.

मिलिंद हें नांव घ्या. कोशांत मिलिंद म्हणजे भ्रमर. म्हणून नामावलींतहि भ्रमर. पण पालि ग्रंथांत नागसेनाशीं वाद करणारा मिलिंद हा इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील यवन राजा होय. त्याचें ग्रीक नांव मेनांद्रोस. 'टिकून राहणें' आणि 'पुरुष' अशा अर्थाचीं त्याचीं दोन अंगें आहेत. त्याच्या नाण्यांवर खरोष्ठी लिपींत मेनंद्र असें रूप आढळतें. तेथें भुंग्याचा कांहींएक संबंध नाहीं. औरंगाबादेस (आतांचें छत्रपति संभाजीनगर) डॉ. आंबेडकरांच्या पुढाकारानें १९५० सालीं निघालेल्या महाविद्यालयास मिलिंद हें नांव मिळालें, तें या राजाचें. त्या स्मरणानें ज्या घरीं मुलाचें नांव मिलिंद ठेविलें, तेथें भ्रमर हा अर्थ लादणें अन्यायाचें होय. दुसऱ्या घरीं भ्रमर हाच हेतु असेल. कोणत्या घरीं काय, हें कोश सांगूं शकत नाहीं.

बेसनगरच्या गरुडध्वजावरील लेखहि पाहण्याजोगा आहे. तक्षशिलेचा हेलिओदोर याच्या नांवाचा अर्थ सूर्यानें दिलेला, म्हणजे आपल्याकडील सूर्यदत्तच. तो स्वतःस भागवत म्हणवितो. तरी लेखांत नांवाचें भाषांतर नाहीं. त्याचा राजा अंतलिकित, तोहि ध्वनीनेंच आला आहे. नांव देशांतर करतें तेव्हां ध्वनि बरोबर येतो, अर्थ बहुधा मागें राहतो.

आतां आपल्या इतिहासाचा विषय. तंजावरच्या शरभोजी राजांचें नांव 'शरभ' या अष्टपाद प्राण्यावरून आलें असें कोणी मानील, तर त्यास आधारहि सांपडेल. कारण दुसऱ्या सरफोजीच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) नांवाशीं निगडित ग्रंथांत शरभेंद्र असेंच रूप येतें. नृसिंहास शांत करणारा शिवाचा अवतार शरभ, त्यामुळें पंडितांना तें रूप मानवलें. काव्य म्हणून तें शोभतें. इतिहास म्हणून तें सर्वस्वीं अपुरें आहे. नांवाचें मूळ सरफोजी म्हणजे शरीफजी. मालोजी भोसल्यांच्या दोन पुत्रांचीं नांवें शहाजी व शरीफजी; अहमदनगरच्या शाह शरीफ या फकिराच्या नांवाचे दोन भाग करून तीं ठेविलीं, अशी परंपरा आहे, आणि ग्रँट डफनें ती १८२६ च्या आपल्या ग्रंथांत नोंदविली आहे. नवसाची कथा कोणी न मानो. एका नांवाचे दोन तुकडे दोन भावांत वांटलेले मात्र डोळ्यांसमोर आहेत. पुढें एकोजीच्या पुत्रांत शहाजी, सरफोजी, तुकोजी अशीं नांवें दिसतात. तेथें पूर्वीची जोडी पुन्हां उतरली; परंतु आतां ती आजोबा व चुलत आजोबा यांची म्हणून. शरभ पुरतेपणीं मान्य केला, तर हा सारा माग पुसला जातो, आणि मराठी घराण्यानें फकिराचें नांव आपलेंसें केलें ही गोष्टच अदृश्य होते.

उलट बाजूचे कांहीं लेखक अरबी कोश उघडून 'शरीफ म्हणजे कुलीन' असें लिहून मोकळे होतात. त्यांची चूक त्याच जातीची आहे. मालोजीनें, परंपरा खरी असल्यास, कुलीनता हा गुण मुलास दिला नव्हता. एका माणसाचें नांव दिलें होतें.