‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि भ्रूणहत्येचा प्रश्न

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला. स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो संपादून पुन्हा उजेडात आणल्यापासून स्त्रीपुरुषसमतेचा आद्य पुरस्कार म्हणून त्याचा गौरव होत आला आहे. हा गौरव यथार्थ असला, तरी त्यात निबंधाचे मूळ निमित्त काहीसे झाकले जाते. सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या प्रसंगाने वृत्तपत्रांतून समग्र स्त्रीजातीवर जो दोषारोप सुरू झाला, त्याला दिलेले हे उत्तर होय.

गर्भपात आणि अर्भकहत्या ही कायद्याच्या दृष्टीने भिन्न कृत्ये आहेत. विधवांविषयीच्या तत्कालीन वादात मात्र ती एकत्रच येत. कारण दोहोंच्या मुळाशी पुनर्विवाहबंदी आणि लोकापवादाचे भय हेच होते. या वादामागे शास्त्राचा आधार उभा होता. अज्ञात गर्भाच्या हत्येला मनुस्मृती ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त सांगते. याज्ञवल्क्यस्मृती गर्भवध व पतिवध एकत्र गणून अशा स्त्रीचा त्याग विहित मानते. म्हणजे निषेध गर्भाच्या रक्षणासाठी असला, तरी त्याचा भार स्त्रीवरच पडतो.

ताराबाईंच्या युक्तिवादाचे बळ येथेच दिसते. विधवेला मोहात पाडणारा पुरुष नामानिराळा राहतो आणि पुनर्विवाहाचे दार लावून घेणारा समाज न्यायासनावर बसतो, ही विसंगती त्या उघडी करतात. कृत्याकडून कृत्यास भाग पाडणाऱ्याकडे त्या प्रश्नाचे तोंड वळवितात. त्यांची भाषा बोलीतली, उपरोधाने धारदार झालेली आहे. प्रतिपक्षाला शास्त्रार्थाच्या आडोशाला जाऊ न देण्याचे काम ती चोख करते.

परंतु भ्रूणहत्या हे पाप नव्हे, असे प्रतिपादन या निबंधात कोठेही नाही. पाप मान्य करून पाप्यांच्या यादीत पुरुषाचे नाव घालावे, एवढाच त्याचा आग्रह आहे. जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाची भूमिकाही याच जातीची होती: निषेध कायम ठेवून त्याचे कारण दूर करणे. त्या काळी ही भूमिका धाडसाची होती, हे निर्विवाद. तथापि तीत स्त्री ही करुणेचा विषय राहते, निर्णय घेणारी होत नाही.

पुढील शासकीय धोरणातही हीच मर्यादा आढळते. १८६० च्या दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमाने स्वतः गर्भपात घडविणाऱ्या स्त्रीलाही अपराधी ठरविले. तो निषेध आज भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात कायम आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली नेमलेल्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्याने निषेध रद्द केला नाही. वैद्याच्या मताने त्याला अपवाद जोडले. संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्यास होणारा मनस्ताप ही मानसिक आरोग्याची गंभीर हानी मानावी, असे त्यात म्हटले होते. पण हे गृहीत केवळ विवाहितेपुरते होते. जिच्या निमित्ताने एकोणिसाव्या शतकात हा वाद पेटला, ती विधवा या गृहीताबाहेरच राहिली. २०२१ च्या दुरुस्तीने विवाहाची अट गेली. त्याच वर्षीच्या नियमांनी गर्भारपणात वैधव्य आलेल्या स्त्रीला २४ आठवड्यांपर्यंतची सवलत दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली या नियमाचा अर्थ व्यापक करून अविवाहितेलाही त्यात स्थान दिले.

या दृष्टीने ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा केवळ ऐतिहासिक दस्तऐवज ठरत नाही. दोषी कोण, हा ताराबाईंचा प्रश्न कायद्याने क्वचितच विचारला. आणि निर्णय कोणाचा, हा त्यांनी न विचारलेला प्रश्न अद्याप वैद्याच्या मताआड उभा आहे. निबंधाचे मूल्यमापन करताना त्याचे बळ आणि त्याचे मौन या दोहोंची नोंद घेतली पाहिजे.