टाळेबंदीचे वाङ्मय आणि खांद्यावरचे मूल

कोरोनाच्या टाळेबंदीवर मराठीत थोडेथोडके लिहिले गेलेले नाही. २०२० आणि २०२१ च्या दिवाळी अंकांतून रोजनिश्या आल्या, कविता आल्या, एकांताचे चिंतन आले. यातला बराच भाग पांढरपेशा खिडकीतून दिसणाऱ्या जगाचा आहे, हे सांगायला फार सूक्ष्म समीक्षेची गरज नाही. पायी गावाकडे निघालेला मजूर त्यात आहे, त्याच्या खांद्यावर मूलही आहे. आमची तक्रार त्या मुलाविषयीची आहे. कवितेत ते खांद्यावरच राहिले. प्रत्यक्षात ते गावी पोचले, खाली उतरले, तेव्हा गावची शाळा बंद होती. तिथून पुढची त्याची वर्षे आमच्या बहुतेक लेखकांना दिसलेली नाहीत.

शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या; ग्रामीण महाराष्ट्रातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात शिक्षण खात्याची घोषणा होती : 'शाळा बंद, पण शिक्षण आहे.' हे वाक्य एखाद्या कवितेइतक्याच काळजीने वाचले पाहिजे. यातले 'आहे' कोणासाठी? ऊसतोड्याच्या कोपीत, पारध्याच्या पालावर, शहरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत मोबाईल असलाच तर एक, आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १४०० वंचित मुलांची पाहणी केली. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी अवघी ४ टक्के निघाली. इतर ग्रामीण मुलांत १५ टक्के. पंधरा हाही काही मिरवण्याजोगा आकडा नव्हे. पण चार आणि पंधरा यांच्यातले अंतर विषाणूने पाडलेले नाही, ते गावाच्या रचनेत आधीपासून होते.

पुढे आणखी एक शब्द रूढ झाला : 'अध्ययन ऱ्हास'. ऱ्हास म्हणजे असलेले कमी होणे. २०२० साली पहिलीत नाव लागलेल्या वस्तीतल्या मुलाला अक्षरओळखच झालेली नव्हती, त्याचा ऱ्हास कसला? जुलै २०२१ मध्ये त्याच्यासाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम काढला गेला, तोही बहुतेक शाळांना कुलूप असतानाच! हे मूल २०२२ मध्ये तिसरीत बसले, २०२४ मध्ये पाचवीत. तोवर, २०२३ साली, राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीला नापास करण्याची तरतूद परत आणली होती. शाळा शासनाने बंद केली, आणि नापासाचा शेरा मात्र मुलाच्या नावावर पडणार. या व्यवहारावर मराठीत एखादी तरी कादंबरी व्हायला हवी होती.

खांद्यावरचे मूल आमच्याही परंपरेत आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातून आजारी मुलाला उचलून आणले आणि त्याच साथीने १० मार्चला त्या गेल्या. प्रस्थापितांचा प्लेग रँडच्या खुनापाशी संपतो, आमचा सावित्रीबाईंच्या मृत्यूपाशी. त्या मुलाच्या पुढच्या आयुष्याविषयी आमच्या लेखनातही फारसे सापडत नाही.

हे केवळ करुणेचे प्रकरण नव्हे. दलित-भटक्यांची आत्मकथने शाळेच्या दारातूनच निघालेली आहेत. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) गाढवांमागे हिंडणारा बाप मुलाला शाळेत घालतो, तिथूनच पुढचा सगळा झगडा सुरू होतो. त्या शाळेत अपमान होता, पण अक्षरही होते. आज आठवीतून ऊसतोडीला गेलेला मुलगा, किंवा वसतिगृह बंद पडले म्हणून घरी आलेली आणि पंधराव्या वर्षीच लग्न लावून दिलेली मुलगी, आपले आत्मकथन कशाच्या आधारावर लिहील?

म्हणून तोवर जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या शिक्षकांनी लिहावे. वाङ्मयीन नसले तरी चालेल. २०२० चा हजेरीपट समोर घ्यावा आणि त्यातले एकेक मूल आज कुठे आहे, एवढेच लिहावे. फक्त मुलांची नावे बदलावीत.