चाकणचं बोट आणि मानव विकासाची इंटर्नशिप

आजच्या विषयाचं नाव भारदस्त आहे: आंतरराष्ट्रीय मानव विकास धोरणातली संशोधन इंटर्नशिप. उन्हाळा जवळ आला की पुण्यातली कितीतरी मुलं-मुली अशा जागांसाठी अर्ज करतात. सहा-आठ आठवडे, लॅपटॉपवरचं काम, शेवटी चार पानांचं इंग्रजी टिपण. या कामातून काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढंच आपण आज बघू. त्यासाठी पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा घेऊ. पुण्याहून तासाभराचा रस्ता आहे. म्हणजे ट्रॅफिक नसेल तर, आणि तसं कधी होत नाही.

आधी पैशाचं बोलून टाकू. संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय इंटर्नला पगार देत नाही. २०१५ साली जिनिव्हात एक न्यूझीलंडचा तरुण इंटर्न तंबूत राहत होता, त्याची जगभर बातमी झाली. त्यानंतर काही संस्था विद्यावेतन देऊ लागल्या. तरीही ज्याच्या घरी दोन महिने बिनपगारी राहणं परवडतं तोच या दारातून आत जातो. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याची मुलगी बहुधा जात नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे यावर जास्त थांबत नाही.

आमची मुख्य तक्रार वेगळी आहे. १९९० साली महबूब उल हक यांच्या पुढाकाराने पहिला मानव विकास अहवाल आला, अमर्त्य सेन त्यांच्या सोबत होते. नुसत्या राष्ट्रीय उत्पन्नावरून माणसाचं बरं चाललंय का ते कळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. मोठा मुद्दा होता. त्यातून आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांचा निर्देशांक निघाला. २०१० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांसोबत बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आला, त्यात दहा निकष. आपल्या नीती आयोगाने त्यात माता-आरोग्य आणि बँक खातं घालून बारा केले. या बारांत माणूस काम काय करतो, कसं करतो, त्यात त्याला इजा होते का, याबद्दल एकही निकष नाही.

कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही हं. याच ऑक्सफर्डच्या गटाने २००७ मध्येच 'राहून गेलेल्या बाजू' म्हणून यादी केली होती, तिच्यात कामाचा दर्जा होता. २०१५ चा जागतिक मानव विकास अहवाल तर अख्खा 'काम' याच विषयावर होता. अहवाल निघाला, निर्देशांक होता तिथेच राहिला.

आता चाकणला या. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी. एका खोलीत पाच-सहा जण, पाळी बदलली की गादीवरचा माणूस बदलतो. नांदेडचा, लातूरचा, बिहारचा. त्याची बायको-मुलं गावी. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुख्यतः बायका आणि लहान मुलं यांच्याभोवती रचलेलं आहे, त्यामुळे या खोलीत विचारण्यासारखं त्याच्याकडे थोडंच असतं. शिवाय आकडे जिल्ह्याचे. कोथरूड, वेल्हे आणि खेड तालुक्यातलं चाकण, तिन्ही मिळून एक पुणे. या पोराचं बोट प्रेसखाली गेलं तर ते पुण्याच्या तक्त्यात दिसत नाही आणि नांदेडच्याही नाही. इंटर्न मात्र हाच तक्ता घेऊन बसते आणि लिहिते की पुणे जिल्हा विकसित आहे. तिचं चुकत नाही. तक्ता तेच सांगतो.

गंमत बघा, बोट मोजायला आपण फार पूर्वी शिकलोय. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, अंगठा ३०, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के कमाईक्षमता गेली असं लिहिलेलं होतं. इंग्रज सरकारच्या कारकुनाला जमलं ते मानव विकासाच्या तज्ज्ञांना शंभर वर्षांत जमलं नाही.

आणि मोजता येत नाही असंही नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर दरवर्षी अहवाल काढते. सुरुवात हरियाणातून, पुढे महाराष्ट्रातले कामगारही त्यात आले. त्यांना काय सापडलं? ईएसआयचं कार्ड कामावर रुजू होतानाच मिळायला हवं, ते अनेक जखमींना अपघातानंतर मिळालेलं असतं. असली गोष्ट कुठल्याही डॅशबोर्डवर सापडत नाही. माणसापाशी बसून विचारावी लागते.

विचारण्याची परंपरा याच मातीतली आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये एका दख्खनी खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. हो, तेच, आज जिथे टॉवर आणि मॉल आहेत. १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हे त्यांनी घराघरांत जाऊन आणि जुनी दप्तरं उलगडून दाखवलं. शेतीवर भागत नाही म्हणून बाहेर काय कमावलं जातं, तेही नोंदवलं. पुस्तकावर सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हाणे या सहकाऱ्यांची नावं आहेत. आजच्या अहवालांत इंटर्नचं नाव आभाराच्या ओळीत आलं तरी नशीब.

कुणी म्हणेल, आठ आठवड्यांच्या पोरीकडून तुम्ही मान साहेबांची अपेक्षा करता? नाही करत. अपेक्षा आहे ती तिला नेमणाऱ्या संस्थेकडून. आठातले पाच आठवडे चाकणला द्या, भाड्याचे आणि जेवणाचे पैसे द्या, हिंदी-मराठीत टिपणं घेऊ द्या, आणि पुढच्या वर्षीची मुलगी त्याच खोल्यांकडे परत पाठवा. प्रश्नावली फार लांब नको. पाळी किती तासांची? पगार कंपनी देते की ठेकेदार? मशीनला सेन्सर आहे का, आणि असला तर चालू असतो का? ईएसआयचं कार्ड कधी हातात आलं, बोट जायच्या आधी की नंतर?